न्यू जर्सीत घर घेताना शेजारशेजारच्या स्कूल डिस्ट्रिक्टांची तुलना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्य न्यू जर्सीत रूट वन या महामार्गाच्या दोन्ही बाजूंना घर शोधणारी मराठी कुटुंबे एडिसन, साउथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो, माँटगोमेरी, प्रिन्स्टन आणि क्रॅनबरी यांच्यापैकी दोन-तीन नावांवर येऊन अडतात. मी स्वतः या शोधात दीड वर्ष घालवले आणि त्यानंतर ओळखीच्या अनेकांबरोबर घरे पाहत हिंडलो. त्या काळात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे याच पट्ट्यातील आहेत. इतर राज्यांत नियम वेगळे असतात.

घराचा आणि सरकारी शाळेचा इतका घट्ट संबंध का असतो?

महाराष्ट्रात घर एकीकडे आणि शाळा दुसरीकडे, ही गोष्ट कोणालाच खटकत नाही. अंतराचा प्रश्न येतो तो आरटीईच्या प्रवेशात एक किंवा तीन किलोमीटर मोजताना, नाहीतर रिक्षावाल्या काकांशी बोलताना. न्यू जर्सीत सरकारी शाळेचा प्रवेश राहत्या पत्त्यावर ठरतो, आणि शाळेचा बराचसा खर्चही त्याच पत्त्यावरच्या मालमत्ता करातून निघतो. राज्यात २१ काउंट्या, ५६४ नगरपालिका आणि सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. डिस्ट्रिक्ट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जिल्हा परिषद येते, पण येथे जिल्ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे काउंटी. स्कूल डिस्ट्रिक्ट ही बहुधा एका टाउनशिपपुरती (टाउनशिप हा येथे नगरपालिकेचा एक प्रकार), स्वतःचे निवडून आलेले मंडळ, स्वतःचे अंदाजपत्रक आणि स्वतःचा सुपरिटेंडंट, म्हणजे मुख्य अधिकारी, असलेली संस्था असते. त्यामुळे एका रस्त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या घरांतील मुले वेगळ्या वेळापत्रकाने, वेगळ्या अभ्यासक्रमाने आणि वेगळ्या बसने शाळेत जाऊ शकतात.

जाहिरातीत पत्ता प्रिन्स्टनचा आहे. म्हणजे मुले प्रिन्स्टनच्या शाळेत जातील ना?

तसे गृहीत धरू नये. या पट्ट्यातील सर्वांत महागडी चूक हीच आहे. पत्त्यातील गावाचे नाव टपाल खात्याच्या सोयीसाठी असते, आणि ०८५४० हा प्रिन्स्टनचा पिनकोड प्रिन्स्टनच्या हद्दीबाहेर बराच पसरलेला आहे. वेस्ट विंडसर, साउथ ब्रन्सविक, लॉरेन्स, होपवेल या टाउनशिपांतील कितीतरी घरांच्या पत्त्यात प्रिन्स्टन लिहिले जाते. उलट प्रिन्स्टन जंक्शन हे नाव ऐकून प्रिन्स्टन वाटते, पण ते स्टेशन आणि त्याभोवतीची वस्ती वेस्ट विंडसरमध्ये येते. यात लबाडी असतेच असे नाही. जाहिरात लिहिणारा टपालाचा पत्ता लिहितो आणि वाचणारा त्यात शाळा वाचतो.

खात्री करण्याचा मार्ग साधा आहे. त्या घराचे मालमत्ता कराचे बिल मागावे. त्यावर कर वसूल करणाऱ्या नगरपालिकेचे नाव असते, आणि ब्लॉक व लॉट असे दोन क्रमांक असतात. आपल्याकडच्या गट क्रमांकासारखेच ते समजावे. बिलावर ज्या टाउनशिपचे नाव आहे तिचाच डिस्ट्रिक्ट त्या घराला लागू होतो.

डिस्ट्रिक्ट कळला. आता शाळा कोणती, हे घराच्या संकेतस्थळावर दिसतेच की?

दिसते, पण त्यावर सही करू नये. आम्ही पाहिलेल्या एका टाउनहाउसच्या पानावर जी प्राथमिक शाळा दाखवली होती, ती त्या गल्लीला पूर्वी लागू होती. डिस्ट्रिक्टच्या बस विभागाला फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "घर सम क्रमांकाचे की विषम?" सम क्रमांकाच्या घरांची बस दुसऱ्या शाळेकडे जात होती. मधली गल्ली जेमतेम दोन गाड्या जातील एवढी, आणि समोरासमोरच्या घरांतल्या मुली वेगवेगळ्या शाळांत.

डिस्ट्रिक्ट जितका मोठा, तितकी ही अंतर्गत सीमारेषा महत्त्वाची. एडिसनमध्ये एडिसन हायस्कूल आणि जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूल अशी दोन हायस्कुले आहेत. दोन्ही एकाच डिस्ट्रिक्टची, पण त्यांच्या हद्दीतील घरांच्या किमतींवर बोलणारे लोक जणू दोन वेगळ्या गावांबद्दल बोलतात. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये हायस्कूल साउथ १९७३ साली आणि हायस्कूल नॉर्थ १९९७ साली सुरू झाले, आणि पत्त्यानुसार त्यांपैकी एक वाट्याला येते. साउथ ब्रन्सविकमध्ये मात्र हायस्कूल एकच आहे.

म्हणून डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रारला किंवा बस विभागाला पूर्ण पत्ता देऊन ई-मेल करावी आणि किंडरगार्टनपासून बारावीपर्यंत कोणत्या इमारती लागू होतात याचे लेखी उत्तर मागवावे. न्यू जर्सीत एजंटाने तयार केलेल्या खरेदी करारावर सह्या झाल्यानंतर वकिलांच्या तपासणीसाठी कामकाजाचे तीन दिवस मिळतात. हे उत्तर त्या मुदतीच्या आत हातात असेल तर पाय मागे घेता येतो. त्याआधीच मिळाले तर अधिक बरे.

शाळांच्या इयत्तांची रचना एवढी वेगळी का असते, आणि त्याने काय फरक पडतो?

फरक पडतो, आणि याकडे फार थोडे पालक लक्ष देतात. साउथ ब्रन्सविकमध्ये मूल पाचवीपर्यंत एका प्राथमिक शाळेत, आठवीपर्यंत मिडल स्कूलमध्ये आणि पुढे हायस्कूलमध्ये असते. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोत तिसरीपर्यंत एक शाळा, चौथी-पाचवीला दुसरी, सहावी ते आठवी तिसरी आणि नंतर हायस्कूल अशी उतरंड आहे. माँटगोमेरीत तर दुसरीपर्यंत एक इमारत, तिसरी-चौथी दुसरी, पाचवी-सहावी तिसरी, सातवी-आठवी चौथी आणि मग हायस्कूल; म्हणजे बारावीपर्यंत मुलाच्या पाच शाळा होतात. ऐकायला हे त्रासदायक वाटते, पण त्याची दुसरी बाजूही आहे. तेथे एका इयत्तेची सगळी मुले एकाच इमारतीत असल्याने टाउनशिपमध्ये कोठेही घर घेतले तरी शाळा तीच मिळते. आताच सांगितलेला सम-विषमचा घोळ तेथे उद्भवत नाही.

क्रॅनबरीची गोष्ट आणखी निराळी. त्या छोट्या गावाचा डिस्ट्रिक्ट फक्त आठवीपर्यंत शिकवतो आणि नववीपासून मुले कराराने प्रिन्स्टन हायस्कूलमध्ये जातात. रॉकी हिल या चिमुकल्या बरोची, म्हणजे छोट्या नगरपालिकेची, मुले माँटगोमेरीत शिकतात. त्यामुळे अमुक गावात हायस्कूल नाही एवढ्यावरून त्यावर काट मारू नये, तसेच हायस्कूलचे नाव ऐकून गावाचा अंदाजही बांधू नये.

दोन मुले असतील तर एक कोष्टक करून पाहावे: पुढील दहा वर्षांत प्रत्येक सप्टेंबरात कोणते मूल कोणत्या इमारतीत असेल आणि ती इमारत किती वाजता सुरू होईल. आमच्या घरी या कागदाने दोन घरे बाद केली. गुणांकनाच्या यादीत ती वर होती, पण चार वर्षे दोन मुलांना दोन वेगळ्या वेळांना दोन बसथांब्यांवर सोडून मेट्रोपार्क स्टेशनवरची गाडी पकडणे जमणारे नव्हते.

संकेतस्थळावर एका शाळेला दहापैकी नऊ आणि शेजारच्या शाळेला सात गुण आहेत. एवढ्यावरून निर्णय घ्यावा का?

घेऊ नये. घरांच्या जाहिरातींत शेजारी दिसणारे एक ते दहा गुण बहुधा ग्रेटस्कूल्स या संस्थेचे असतात. निश आणि यू. एस. न्यूज यांच्या याद्या वेगळ्या निकषांवर बनतात. त्यामुळे एकच शाळा एका यादीत वर आणि दुसरीत खाली दिसते. या सर्वांच्या मुळाशी राज्याच्या चाचण्यांचे निकाल मोठ्या प्रमाणावर असतात, आणि चाचणीचा सरासरी निकाल शाळेइतकाच, किंबहुना अधिक, घरच्या परिस्थितीचे प्रतिबिंब असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात शॉन रिअर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातील तिसरी ते आठवीच्या निकालांची जी प्रचंड माहिती जमवली, तिच्यातून हेच दिसले की सरासरी गुण कुटुंबांच्या आर्थिक-सामाजिक स्थितीशी घट्ट बांधलेले आहेत, पण मुले वर्षागणिक किती शिकतात याचा त्या स्थितीशी संबंध बराच सैल आहे.

आता या पट्ट्यातील वास्तव पाहा. बहुतेक घरांत दोन पदवीधर, औषध कंपनी, बँक किंवा माहिती तंत्रज्ञानातील नोकरी, आणि शनिवारी गणिताची शिकवणी. सात आणि नऊ यांतील फरक वर्गात घडणाऱ्या शिकवण्याचा आहे की वर्गाबाहेरच्या शिकवणीचा, हे तो आकडा सांगत नाही. माझे मत विचाराल तर या सहा-सात डिस्ट्रिक्टांत गुणांकनातील एक-दोन अंकांच्या फरकासाठी एक डॉलरही जास्त मोजण्याचे कारण नाही.

मग कोणते आकडे पाहावेत?

न्यू जर्सीचे शिक्षण खाते प्रत्येक शाळेचा कामगिरी अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करते आणि तो विनामूल्य पाहता येतो. त्यात पहिल्या पानावरील उत्तीर्णांची टक्केवारी सोडून पुढे जावे. विद्यार्थ्यांच्या वाढीची मध्यम शतमक (मीडियन स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल) ही नोंद शोधावी; आदल्या वर्षी सारखेच गुण मिळवणाऱ्या राज्यभरातील मुलांच्या तुलनेत या शाळेची मुले किती पुढे सरकली, हे तिच्यातून कळते. सरासरी निकाल उत्तम पण वाढ पन्नाशीच्या खाली रेंगाळणारी शाळा आणि निकाल थोडा कमी पण वाढ साठीच्या वर असलेली शाळा यांत मी दुसरीकडे आधी पाहीन.

त्यानंतर दीर्घकालीन गैरहजेरीची नोंद पाहावी. वर्षातील दहा टक्के किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहणारी मुले तिच्यात मोजली जातात; प्राथमिक शाळेत हा आकडा अचानक वाढलेला दिसला तर कारण विचारावे. हायस्कूलसाठी एपी, म्हणजे महाविद्यालयीन पातळीचे, विषय किती आहेत यापेक्षा ते घेणारी मुले किती टक्के आहेत आणि त्या विषयांना प्रवेश कसा मिळतो हे विचारावे. काही ठिकाणी इच्छा असेल तो बसतो, काही ठिकाणी आधीच्या वर्षाच्या गुणांची अट असते. गणिताची वरची तुकडी कोणत्या इयत्तेपासून सुरू होते आणि बाहेरून मध्येच आलेल्या मुलाला तिच्यात बसण्याची परीक्षा केव्हा देता येते, हा प्रश्न तर नक्की विचारावा; पुण्याहून सहावीत आलेल्या मुलाचे एक वर्ष केवळ या परीक्षेची तारीख हुकल्याने गेल्याचे मी पाहिले आहे.

खर्चासाठी राज्याची करदात्यांसाठीची मार्गदर्शिका आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टचे सुलभ अंदाजपत्रक उपलब्ध असते. प्रति विद्यार्थी खर्च जास्त म्हणजे शाळा चांगली असा सरळ अर्थ नसतो; विशेष शिक्षण, बस आणि जुन्या इमारतींचे कर्जही त्यात असते.

मालमत्ता कराची तुलना कशी करावी? एडिसनचा दर तर दुप्पट दिसतो.

हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण येथे हुशार माणसेही फसतात. न्यू जर्सीत कराचा दर आकारणी मूल्याच्या दर १०० डॉलरमागे सांगतात, आणि आकारणी मूल्य म्हणजे नगरपालिकेने करासाठी ठरवलेली घराची किंमत, बाजारभाव नव्हे. ज्या टाउनशिपने कित्येक वर्षांत पुनर्मूल्यांकन केलेले नाही तेथे आकारणी बाजारभावाच्या मानाने फारच कमी असते, म्हणून दर मोठा दिसतो. एडिसनचा दर पाचाच्या पुढे दिसण्याचे कारण हे आहे.

समजा दोन घरे आहेत आणि दोन्हींचा बाजारभाव ८,००,००० डॉलर आहे. पहिल्याची आकारणी २,४०,००० आणि दर ५.८०, कर झाला १३,९२० डॉलर. दुसऱ्याची आकारणी ६,००,००० आणि दर २.५०, कर झाला १५,००० डॉलर. दर निम्म्याहून कमी असूनही दुसरे घर महाग पडले. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण हिशेब करण्याची पद्धत हीच. दर बाजूला ठेवावा, गेल्या वर्षीचे प्रत्यक्ष बिल घ्यावे आणि त्याला तुम्ही देणार असलेल्या किमतीने भागावे.

राज्यात घरटी सरासरी कर २०२४ मध्ये वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेला, आणि त्यातील साधारण निम्मा हिस्सा शाळांकडे जातो. वाढीवर २०११ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, मात्र ती डिस्ट्रिक्टच्या एकूण कर वसुलीवर आहे, तुमच्या बिलावर नाही, आणि तिला अपवादही आहेत. दोन टाउनशिपांनी मिळून चालवलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये, जसे वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो, खर्चाची वाटणी दोघींत होते. त्यामुळे शाळा तीच असूनही दोन्हीकडच्या बिलांतील शाळेचा दर सारखा नसतो.

नव्या बांधकामाच्या घराचा कर अगदीच कमी दाखवला आहे. हे खरे असते का?

तो बहुधा केवळ जमिनीचा असतो. घर पूर्ण झाल्यावर वाढीव आकारणी होते आणि तिचे वेगळे बिल शरद ऋतूत येते. ते मागील महिन्यांसह येते म्हणून धक्का बसतो. कर फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला असा चार हप्त्यांत भरायचा असतो. बिल्डरच्या कागदावरचा आकडा न धरता शेजारच्या, वर्षभर वसलेल्या तशाच घराचे बिल पाहावे.

आमचा एजंट शाळांबद्दल काहीच बोलत नाही. त्याला माहिती नाही की तो टाळतो आहे?

तो बहुधा नियम पाळतो आहे. १९६८ च्या केंद्रीय गृहनिर्माण समानता कायद्यानुसार (फेअर हाउसिंग अॅक्ट) वंश, धर्म, मूळ देश अशा कारणांवरून ग्राहकाला विशिष्ट वस्तीकडे वळवणे किंवा तिच्यापासून परावृत्त करणे बेकायदा आहे. अमुक शाळा चांगली आहे, किंवा तेथे आपले लोक पुष्कळ आहेत, या वाक्यांनी नकळत तेच होऊ शकते, म्हणून जबाबदार एजंट डिस्ट्रिक्टचा दूरध्वनी क्रमांक देऊन थांबतो. उलट जो एजंट मराठी आडनाव ऐकताच एकाच वस्तीतील घरे दाखवू लागतो, त्याच्याबद्दल थोडी शंका घ्यावी. तो आपला वेळ वाचवत असेल, पण तुमचे पर्याय तोच ठरवतो आहे.

अभ्यासाचा ताण असलेला डिस्ट्रिक्ट टाळावा का?

हा प्रश्न पालक दबक्या आवाजात विचारतात, बहुधा दुसरा जोडीदार बाजूला गेल्यावर. या विषयावरची सर्वांत उघड चर्चा वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोतच झाली. २०१५ साली तेथील तेव्हाचे सुपरिटेंडंट डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना दीर्घ पत्र लिहून मुलांवरील ताणाकडे लक्ष वेधले. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या, गृहपाठ नसलेल्या रात्री ठरल्या आणि प्रगत गणिताचा वर्ग वरच्या इयत्तेवर ढकलला गेला. पालकांत सरळ दोन तट पडले. आशियाई कुटुंबांतील अनेकांना वाटले की आपल्या मुलांच्या कष्टांवरच आक्षेप घेतला जातो आहे. इतरांना वाटले की हे फार पूर्वीच व्हायला हवे होते. पण एका बाजूला सारे आशियाई आणि दुसऱ्या बाजूला सारे गोरे, असे चित्र तेव्हाही नव्हते.

माझा अनुभव असा की ताण डिस्ट्रिक्टपेक्षा मुलाच्या भोवतालच्या दहा-बारा घरांतून येतो, आणि ती घरे पालक स्वतःच निवडतात. तरीही फरक पाहायचा असेल तर शाळा सुटण्याच्या वेळी हायस्कूलच्या आवारात अर्धा तास उभे राहावे. मुले कशाबद्दल बोलतात, किती जण खेळाच्या पिशव्या घेऊन मैदानाकडे जातात आणि किती जण गाडीत बसून शिकवणीला निघतात, हे दिसते. समुपदेशकाकडे किती विद्यार्थी असतात हेही विचारावे. मोठ्या हायस्कूलमध्ये विषय पुष्कळ असतात, पण टेनिसच्या संघात किंवा वाद्यवृंदात जागा मिळवणे तितकेच अवघड असते. लाजऱ्या मुलासाठी हा फरक गुणांकनापेक्षा मोठा ठरतो.

काउंटी बदलल्याने काही फरक पडतो का?

हायस्कूलच्या वेळी पडतो. काउंट्या स्वतःची प्रवेशपरीक्षा असलेली विशेष हायस्कुले चालवतात आणि त्यांत अर्ज करायला त्याच काउंटीत राहावे लागते. मिडलसेक्स काउंटीची विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीची अकादमी एडिसनमध्ये आहे, आणि आरोग्यशास्त्राची वुडब्रिजमध्ये. एडिसन, साउथ ब्रन्सविक आणि प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये येतात; वेस्ट विंडसर आणि प्रिन्स्टन मर्सर काउंटीत, तर माँटगोमेरी सॉमरसेटमध्ये. म्हणजे एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या प्लेन्सबरोच्या मुलीला एडिसनच्या अकादमीसाठी अर्ज करता येतो आणि वेस्ट विंडसरच्या मुलीला येत नाही. मात्र या जागा मोजक्या असतात. त्यांच्या भरवशावर घर निवडू नये.

शाळेची बस सर्वांना मिळते का?

नाही. राज्याच्या नियमानुसार आठवीपर्यंत घर शाळेपासून दोन मैलांहून आणि हायस्कूलला अडीच मैलांहून दूर असेल तर बस द्यावीच लागते. त्याच्या आतल्या मुलांना काही डिस्ट्रिक्ट सौजन्य म्हणून देतात, काही पैसे घेऊन देतात, काही देत नाहीत, आणि अंदाजपत्रक आवळले की पहिली कात्री येथेच लागते. शाळेपासून दीड मैलावरचे घर मधल्या रस्त्याला पदपथ नसेल तर तीन मैलांवरच्या घरापेक्षा गैरसोयीचे ठरते. दोन्ही पालक नोकरी करत असतील तर शाळेपूर्वीची आणि शाळेनंतरची पाळणाघराची सोय इमारतीतच आहे का, आणि तिची प्रतीक्षायादी किती लांब आहे, हे बसइतकेच महत्त्वाचे आहे.

आज दाखवलेली सीमारेषा दहा वर्षांनी तशीच राहील का?

याची हमी कोणीही देत नाही. कारणे मुख्यतः दोन. पहिले, नवी घरे. माउंट लॉरेल खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिलेल्या निकालापासून प्रत्येक नगरपालिकेवर परवडणाऱ्या घरांत आपला वाटा उचलण्याची जबाबदारी आहे, आणि २०२५ ते २०३५ या चौथ्या फेरीचे आराखडे गावोगावी झाले आहेत. रूट वनलगतच्या मोकळ्या जमिनींवर इमारती उभ्या राहतील आणि त्यांतील मुलांना बसवण्यासाठी प्राथमिक शाळांच्या हद्दी सरकतील. यात घाबरण्यासारखे काही नाही; आपणही कधीतरी कोणाच्या तरी शाळेत नव्याने आलेलेच होतो. परंतु जे घर दोन शाळांच्या हद्दीच्या अगदी काठावर आहे, ते त्या एका शाळेसाठी जास्त किंमत देऊन घेऊ नये.

दुसरे कारण राज्याचे अनुदान. २०१८ च्या कायद्याने अनुदानाची फेरवाटणी सात वर्षांत करायचे ठरले. काही डिस्ट्रिक्टांना अधिक मिळाले, तर जर्सी सिटीसारख्या ठिकाणी मोठी कपात झाली आणि शहराला शाळांसाठी वेतनावरील कर आणावा लागला. अनुदान घटले की वर्गांतील मुले वाढतात आणि संगीत, ग्रंथालय यांवर गदा येते. डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर मंडळाच्या सभांची कार्यवृत्ते आणि बहुधा चित्रफिती असतात. गेल्या दोन वर्षांतील मार्च-एप्रिलच्या सभा पाहाव्यात, कारण अंदाजपत्रकाची भांडणे तेव्हाच होतात. दोन तास कंटाळवाणे जातात, पण डिस्ट्रिक्ट अडचणीत कसा वागतो हे इतके स्पष्ट दुसरीकडे कोठेही दिसत नाही.

मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे. तुलना कशी करावी?

येथे गुणांकनाच्या याद्या पूर्णपणे निरुपयोगी आहेत. मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना, म्हणजे आयईपी, आधीच असेल तर नव्या डिस्ट्रिक्टला सुरुवातीला तुल्यबळ सेवा द्याव्या लागतात, पण तो पुढे तिचा आढावा घेऊन बदल सुचवू शकतो. तुमच्या मुलासारख्या मुलांचे वर्ग डिस्ट्रिक्टच्या इमारतीतच चालतात की मुलांना बाहेरच्या शाळेत पाठवले जाते, हा पहिला प्रश्न. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये विशेष शिक्षणाच्या पालकांचा सल्लागार गट असणे बंधनकारक आहे. त्यातील दोन पालकांशी बोलल्यावर जे कळते ते कोणत्याही अहवालात छापलेले नसते.

भारतातून नुकत्याच आलेल्या मुलांबाबत एक सूचना. नोंदणीच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता असे विचारतात आणि मराठी लिहिले की मुलाच्या इंग्रजीची छोटी चाचणी घेतली जाते. या भीतीने काही पालक घरची भाषा इंग्रजी लिहितात. तसे करू नये. चाचणीत मूल नीट उत्तरले तर ते सरळ नेहमीच्या वर्गात जाते, आणि न उत्तरले तर मिळणारी मदत त्याच्या हक्काची असते.

आम्ही एच-वन-बी व्हिसावर आहोत. घर नाही घेतले, भाड्याने राहिलो तर?

शाळेचा हक्क राहण्यावरून मिळतो, मालकीवरून किंवा व्हिसावरून नाही. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालानंतर सरकारी शाळेत प्रवेशासाठी स्थलांतराच्या दर्जाची अट घालता येत नाही. मुले लहान असतील आणि दोन डिस्ट्रिक्टांत निवड होत नसेल, तर त्यांपैकी एकात वर्षभर भाड्याने राहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग आहे.

चांगल्या शाळेसाठी किती जास्त किंमत द्यावी?

बाजार ही किंमत आधीच लावून बसलेला असतो. अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ साली बॉस्टनच्या उपनगरांत शाळांच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंची घरे तपासून दाखवले की प्राथमिक शाळेच्या चाचणी-गुणांत पाच टक्के वाढ असेल तर पालक घराला सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात. घरे सारखी, रस्ता तोच, फरक फक्त हद्दीचा. म्हणजे तुम्ही मोजाल ते पैसे चाचणीच्या निकालाचे असतील, आणि तो निकाल कशाचा असतो हे वर आलेच आहे.

मी हिशेब असा करतो. दोन घरांच्या किमतीतील फरकाचा मासिक हप्ता, करातील फरक आणि प्रवासाचा खर्च एकत्र करून वर्षाचा आकडा काढावा. समजा तो ९,००० डॉलर आला. मग स्वतःला विचारावे की स्वस्त घर घेऊन हे ९,००० डॉलर आणि प्रवासातून वाचलेला रोजचा एक तास हाताशी असता, तर मुलांसाठी त्याचे काय केले असते. पुष्कळदा उत्तर तेथेच मिळते. साउथ ब्रन्सविकमध्ये रेल्वे स्टेशन नाही. न्यू यॉर्कला रोज जाणाऱ्याला प्रिन्स्टन जंक्शन किंवा मेट्रोपार्क गाठावे लागते, आणि तेथील गाडी लावण्याच्या परवान्याची प्रतीक्षायादी हाही शाळेच्या तुलनेचा भाग होऊन बसतो.

मराठी शाळा, दिवाळीची सुट्टी यांचा विचार करावा का?

करावा, पण शेवटी. मध्य न्यू जर्सीतील अनेक डिस्ट्रिक्ट दिवाळीला सुट्टी देतात. चालू वर्षाचे कॅलेंडर पाहिले की कळते. शनिवार-रविवारच्या मराठी शाळा गावाच्या हद्दी मानत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी डिस्ट्रिक्ट बदलण्याची गरज नाही. दोन भाषांत प्रावीण्य दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या राज्याच्या द्विभाषिक प्रावीण्य मुद्रेच्या (सील ऑफ बायलिटरसी) योजनेत तुमचे हायस्कूल सहभागी आहे का आणि तेथे मराठीची चाचणी देता येते का, एवढे मात्र विचारून ठेवावे.

व्यवहार उन्हाळ्यात पूर्ण होणार आहे. नोंदणी केव्हा करावी?

शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात, आणि ऑगस्टच्या शेवटच्या दोन आठवड्यांत नोंदणी कार्यालयांत उभे राहायला जागा नसते. घराचा ताबा मिळण्याआधी काही डिस्ट्रिक्ट करारपत्रावर तात्पुरती नोंदणी करून घेतात, काही ताबा लांबला तर शुल्क मागतात, काही थेट खरेदीखत दाखवल्याशिवाय दारातही घेत नाहीत. खरेदीखत किंवा भाडेकरार, वीज-पाण्याची बिले, जन्मदाखला, आधीच्या शाळेची गुणपत्रके आणि लसीकरणाची नोंद लागते. लसीकरणाच्या कागदावर भारतातील डॉक्टरांची सही आणि प्रत्येक मात्रेची तारीख वाचता येईल अशी हवी. आमच्या मुलीचा पहिला दिवस केवळ एका पुसट तारखेमुळे आठवडाभर पुढे गेला, आणि ती तारीख पुण्याच्या दवाखान्यातून फोटो मागवून स्पष्ट करावी लागली. हा कागद विमानात बसण्याआधीच नीट करून घ्यावा.